जुनी फायबर बोट घेतोय, मालक म्हणतो "सर्व्हे झालाय" - म्हणजे नक्की काय झालंय?

काजूबोंडू | ५ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली. मी दापोली तालुक्यातला, गावात दोन खोल्यांचं होमस्टे आहे, पाहुणा आला की सकाळी उठून पहिला प्रश्न डॉल्फिन कुठे दिसतात, आणि मी गेली चार वर्षं त्यांना दुसऱ्याच्या बोटीवर पाठवतोय. आता डोक्यात आलंय की स्वतःचीच घ्यावी. हर्णैच्या बाजूला एक बघितलीये, २६ फुटी फायबर, ९ वर्षं जुनी, मागे ६० एचपीचं आऊटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), वर पाइपवर पत्र्याचं छप्पर, १२ सीट. साडेसहा लाख सांगितलेत, सहाला तुटेल असं वाटतं.

मालक म्हणतो सर्व्हे झालाय, पेपर एकदम ओके. कागद दाखवलापण, लॅमिनेट केलेला. पण माझा मावसभाऊ दुबईला मरिनात कामाला आहे, तो म्हणतो स्वतःचा सर्व्हेअर नेल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस. मुंबईच्या एकाला फोन केला, तो येणंजाणं धरून १८ हजार म्हणाला. हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणे आयुष्यात सात बैल घेतले, एकदाही डॉक्टर घेऊन गेलो नाही.

तर एकदा सर्व्हे झालेल्या बोटीचा परत सर्व्हे कशाला? आणि तो माणूस येऊन नक्की बघतो काय?

रोखठोक | ५ मे, रात्री १०:४०

१८ हजार वाचवा आणि त्यात सुरमई खा. बोट पाण्यात टाका, तासभर पळवा, आत पाणी नाही आलं की बोट चांगली. आमच्याकडे सगळे असंच घेतात.

सुकाणू | ५ मे, रात्री ११:५५

रोखठोक, असंच घेतात म्हणून तर दर पावसाळ्यात किनाऱ्यावर मागचा भाग कापलेल्या फायबर बोटी दिसतात :)

काजूबोंडू, मी जहाजावर इंजिनियर होतो, आता गुहागरला निवृत्त आहे, जरा सविस्तर लिहितो. सर्व्हे हा शब्द एकच पण कामं वेगवेगळी, आणि कोणी कोणासाठी केला यावर सगळं अवलंबून. तुमच्या मालकाकडे जो कागद आहे तो सरकारी सर्व्हेचा असणार. प्रवासी बोटींची नोंदणी नि सर्व्हे आपल्याकडे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड करतं, पूर्वी १९१७च्या कायद्याखाली व्हायचं, आता २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. त्या सर्व्हेअरचा प्रश्न एवढाच असतो की या बोटीत लोक बसवून नेण्याइतपत ती आज सुरक्षित आहे का, लाइफ जॅकेट पुरेशी आहेत का, रिंगबॉय (बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं), आग विझवायचं नळकांडं, किती माणसं बसवायची. बोटीची किंमत सहा लाख आहे की तीन हे तो बघत नाही, तो त्याचा विषयच नाही. इंजिन अजून दोन वर्षं टिकेल का हाही नाही.

तुम्हाला हवाय तो खरेदीपूर्व सर्व्हे. तो माणूस तुम्ही नेमायचा, पैसे तुम्ही द्यायचे, रिपोर्ट तुमच्या हातात यायला पाहिजे. मालकाने किंवा दलालाने "माझा माणूस आहे, करून देतो" म्हटलं की हसून चहा प्यायचा आणि विषय बदलायचा. तिसरा प्रकार विम्याचा, बोटीची अवस्था नि किंमत ठरवायला, आणि चौथा अपघातानंतरचा, नुकसान किती ते बघायला. चारही सर्व्हेच, पण एकाचा कागद दुसऱ्या कामाला चालत नाही.

आणि कागदावरची तारीख बघा. त्या तारखेला बोट कशी होती एवढंच तो कागद सांगतो. त्यानंतर मालकाने काय काय बसवलं ते त्यात नाही. ते पत्र्याचं छप्पर तेव्हा होतं का? विचारा.

रोखठोक | ६ मे, सकाळी ७:३०

छपराचा काय संबंध? ऊन लागू नये म्हणून असतं ते.

तारकर्ली_तारू | ६ मे, सकाळी ९:०५

संबंध खूप आसा रे बाबा. माजी बोट आसा देवबागाक, म्हणान सांगतंय. मे २०२२ मदी हयसर तारकर्लीक स्कूबाची बोट उलटली, दोन पर्यटक गेले. तेच्यानंतर जॅकेट, माणसा मोजणा, सगळा कडक झाला. पण आमका एक गोष्ट आधीपासून म्हायत होती. डॉल्फिन दिसलो मरे, की अख्खी बोट एका बाजूक! तांडेल (बोट चालवणारो) बोंबलता "बसा बसा", आयकता कोण? मोबाईल काडून सगळे उभे. तुज्या १२ सीटवरचे १२ माणूस उजव्या कडेक उभे रवले तर बोट किती कलतली, ह्या कागदार खय लिवलेला आसा?

(मालवणीत लिहिलं, चुकलं माकलं समजून घ्या, घाटावरच्या मंडळींनी)

काजूबोंडू | ६ मे, सकाळी ९:२०

अगदी असंच होतं! मी स्वतः बघितलंय. आता थोडी भीती वाटायला लागली.

सुकाणू | ६ मे, दुपारी १:१५

भीती नको, पण तारू म्हणतायत ते लाख मोलाचं आहे. छपराबद्दल एक गोष्ट सांगतो, परदेशातली आहे पण आपल्याला तंतोतंत लागू. अमेरिकेत लेक जॉर्ज नावाचा तलाव आहे, तिथे २ ऑक्टोबर २००५ला इथन अ‍ॅलन नावाची पर्यटकांची बोट उलटली, ४७ प्रवासी आणि एक चालवणारा, २० जण गेले. दुपारची वेळ, बहुतेक म्हातारे लोक सहलीला आलेले. बोटीचा कागद एकदम ओके होता, ४८ प्रवाशांची परवानगी, म्हणजे एक सीट रिकामीच होती म्हणा ना. तपास झाला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, ती ४८ची संख्या माणशी १४० पौंड म्हणजे ६३-६४ किलो धरून काढलेली, आणि बसलेली माणसं त्याहून बरीच वजनदार होती. दुसरी, बोटीवर मूळ कापडी छप्पर होतं ते काढून नंतर लाकडी बसवलेलं, वजन वर गेलं, आणि त्यानंतर स्थैर्याची चाचणी परत कोणी केलीच नाही. तपास करणाऱ्यांच्या हिशोबाने त्या बोटीत जेमतेम १४ माणसं बसवायला हवी होती. ४८ आणि १४!

त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने प्रवाशाचं सरासरी वजन १८५ पौंड धरायचं ठरवलं, म्हणजे ८४ किलो.

म्हणून विचारलं छप्पर कधीचं. पत्रा जड, तो डोक्यावर, त्यात वारा धरतो. कागद आधीचा नि छप्पर नंतरचं असेल तर कागदावरच्या १२ आकड्याला काही अर्थ नाही.

पन्हं | ६ मे, दुपारी २:०० 

बापरे. आम्ही दिवाळीत येतो दरवर्षी कोकणात आणि मुलांना बिनधास्त बसवतो. यापुढे जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवणार नाही. बाकी धागा वाचतेय, लिहीत राहा.

सुतारपक्षी | ६ मे, रात्री ८:४५

आमच्या घरात तीन पिढ्या लाकडी बोटी बांधायच्या, आता मी एकटा फायबरचं करतो, लाकूड परवडत नाही नि माणूस मिळत नाही. तर माझे दोन शब्द.

धागा फायबरचा आहे तरी कोणी लाकडी घेणार असेल तर सांगतो, सगळ्यात फसवी बोट म्हणजे जुन्या लाकडावर फायबर चढवलेली. बाहेरून नवी कोरी, गुळगुळीत, आणि आत फळी कुजलेली. फायबरला एक बारीक चीर गेली तरी पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही, मग लाकूड आतल्या आत भाकरीच्या पिठासारखं होतं. निव्वळ लाकडी बोट निदान लपवत नाही हो, पठाण बघा (खालची मुख्य तुळई, ज्यावर सगळी बोट उभी), वांक (आतल्या बरगड्या) बघा, खिळ्यांभोवती काळं पडलंय का बघा, टोच्या घेऊन टोचा, जिथे सहज आत गेला तिथे संपलं. बोट पाण्याखाली असते तिथे टाचणीएवढी भोकं दिसली तर सोडून द्या, तो लाकूड पोखरणारा किडा. किडा म्हणतात पण तो खरा शिंपल्याच्या जातीचा, टेरेडो नाव, पिल्लू असताना बारीक भोकातून शिरतो आणि मग आतच मोठा होतो, त्यामुळे बाहेर टाचणी नि आत हाताचं बोट जाईल एवढा बोगदा. गोड्या पाण्यात नि सुक्यात तो मरतो म्हणून तर जुने लोक बोट खाडीत आत नेऊन ठेवायचे, पावसाळ्यात वर ओढून शाकारायचे, काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. नुसती पद्धत म्हणून नव्हतं ते.

काजूबोंडू | ६ मे, रात्री ९:१०

दादा छानच माहिती. पण फायबरचं कसं बघायचं? टोचता तर येत नाही.

सुतारपक्षी | ७ मे, सकाळी ६:५०

फणस कसा बघता? तसंच. वाजवायचं.

छोटी हातोडी घ्यायची, प्लास्टिकच्या तोंडाची, लोखंडी नको नाहीतर मालक तुम्हाला वाजवेल. आणि हळूहळू सगळं अंग वाजवत जायचं वीतभर अंतराने. चांगलं फायबर टणटण वाजतं, आतले थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल तर भद्द आवाज येतो. मात्र आत जिथे आडवे-उभे दांडे चिकटवलेले असतात तिथे आवाज बदलतोच, तो दोष नाही, ते कळायला कान बसावा लागतो. सर्व्हेअरला पैसे त्या कानाचे असतात.

तुमच्या बोटीत मुख्य जागा मागची फळी, जिच्यावर आऊटबोर्ड टांगलेलं असतं, इंग्रजीत ट्रान्सम. बाहेरून आतून फायबर आणि मध्ये प्लायवूड. इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार गेलेले, त्या भोकांचं सील सुटलं की पाणी प्लायमध्ये. ९ वर्षांच्या बोटीत ही जागा मी तरी आधी बघेन. इंजिन खाली असताना त्याच्या डोक्यावर भार देऊन वरखाली हलवा आणि कोणालातरी फळीकडे बघायला सांगा, फळी लवली किंवा कोपऱ्यात केसासारख्या चिरा दिसल्या तर समजून जा.

रोखठोक | ७ मे, सकाळी ८:१५

मागची फळी बदलायला किती येतो खर्च?

सुतारपक्षी | ७ मे, सकाळी ८:३०

का, तुमची लवतेय का? :D
बोटीवर अवलंबून. इंजिन उतरवा, आतलं फायबर कापा, कुजकं सगळं काढा, सुकवा, नवीन प्लाय बसवा, परत फायबर. मजुरी जास्त, सामान कमी. व्यक्तिगत निरोप करा, फोटो पाठवा.

विमाकाका | ७ मे, सकाळी ११:२०

विम्याच्या बाजूने थोडं. मी आता काम करत नाही पण हयात त्यातच गेली. लोकांची समजूत अशी की विमा काढला की सगळं वसूल. आपल्या १९६३च्या सागरी विमा कायद्यात स्पष्ट आहे की करारात वेगळं लिहिलं नसेल तर नेहमीची झीज, नेहमीची गळती, आणि उंदीर-किड्यांनी केलेलं नुकसान विमा कंपनी देत नाही. म्हणजे वर सुतारपक्षींनी सांगितलेला तो किडा आणि ती कुजलेली फळी दोन्ही तुमच्या खिशातून.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. वर्षभराची पॉलिसी असली आणि बोट समुद्रात न्यायच्या लायकीची नाही हे मालकाला माहीत असून त्याने पाठवली, तर त्या दोषामुळे झालेलं नुकसान कंपनी नाकारू शकते. म्हणून सर्व्हे रिपोर्टमध्ये "ही गोष्ट ताबडतोब दुरुस्त करा" लिहिलं असेल आणि तुम्ही तो कपाटात ठेवून सीझन मारलात तर तोच कागद उद्या तुमच्या विरुद्ध उभा राहतो. रिपोर्ट घेतला की त्यातली पहिल्या नंबरची कामं करून घ्यायची, बिलं, फोटो जपून ठेवायचे.

आणि सर्व्हे रिपोर्टची शेवटची दोन पानं वाचा, कोणी वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं की जे दिसलं ते बघितलं, जिथे पोचता आलं नाही ते बघितलं नाही. फळ्या उखडून तो बघत नाही, मालकाच्या परवानगीशिवाय भोक पाडत नाही. म्हणजे तो गॅरंटी देत नाहीये.

काजूबोंडू | ७ मे, दुपारी ३:३०

गॅरंटी देत नाही तर मग १८ हजार कशाचे, असं वडील विचारतायत. (ते माझ्या खांद्यावरून वाचतायत)

सुकाणू | ७ मे, संध्याकाळी ५:०२

वडिलांना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं बैल घेताना तुम्ही दात बघत होतात ना, खूर उचलून बघत होतात ना, चालवून बघत होतात ना. ते तुम्हाला येत होतं म्हणून डॉक्टर नव्हता लागत. बोटीचे दात तुम्हाला बघता येतात का?

आता इंजिन. सर्व्हेच्या दिवशी मालकाला आधी कळवा की मशीन थंड पाहिजे, मी येईपर्यंत चालू करायचं नाही. पोचल्या पोचल्या हात लावून बघा. गरम असेल तर तो सकाळी उठून चालू करून बसलाय, कारण थंड असताना लवकर सुरू होत नाहीये. हे मी स्वतः बघितलेलं आहे, मोठ्या जहाजावरसुद्धा लोक असले उद्योग करतात. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायचं, आकडा किती त्यापेक्षा सगळे जवळपास सारखे हवेत, एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर प्रश्न विचारायचे. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघायचं, दुधाळ असेल तर पाणी गेलंय. मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. आणि शेवटी पूर्ण थ्रॉटल देऊन किती आरपीएम जातंय ते कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं, आणि ते रिकाम्या बोटीत नाही, निदान सात-आठ माणसं बसवून. रिकामी बोट सगळीच पळते.

एक राहिलं, बोट पाण्यात उभी असताना लांबून बघा. बऱ्याच फायबर बोटींत डेकखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, वर्षानुवर्षं त्यात पाणी मुरतं आणि बोट काही क्विंटलनी जड होते, कोणाला कळत नाही. मागचा भाग पूर्वीच्या रेषेपेक्षा खाली बसलेला दिसला, किंवा डेकचं पाणी जायची भोकं पाण्याखाली गेलेली असली, तर ते ओझं तुम्ही रोज पेट्रोल जाळून वाहून नेणार.

गिलनेटवाला | ७ मे, रात्री ९:४८

आमची इनबोर्ड आहे (इंजिन बोटीच्या आत), डिझेल, मासेमारीची. काजूबोंडू तुम्ही आऊटबोर्ड घेताय म्हणून तुम्हाला हा त्रास नाही पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. आतून बाहेर जाणारी जेवढी म्हणून भोकं आहेत, शाफ्टचं (पंखा फिरवणारा दांडा), इंजिन थंड करायच्या पाण्याचं, ती सगळी हाताने तपासा. पितळी व्हॉल्व्ह पिवळ्याऐवजी गुलाबी-तांबूस दिसायला लागला की त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं, तो बिस्किटासारखा तुटतो. आमचा तुटला होता, बाराव्या वावावर होतो (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली). अडीच सेंटिमीटरचं भोक, पाण्याखाली अर्धा मीटर, मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी आत, म्हणजे दर मिनिटाला तीन-चार घागरी. तांडेलाने अंगातली बनियन काढून कोंबली म्हणून आज हे टाइप करतोय. तेव्हापासून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असते, दहा रुपयांचं काम.

शाफ्ट बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून (पाणी अडवणारं पॅकिंग) शाफ्ट फिरताना थेंब थेंब पडायलाच हवा, कोरडं असेल तर उलट गरम होऊन शाफ्ट खातं. नवीन माणूस घाबरून नट आवळत बसतो.

आणि अजून एक, मासेमारीची बोट स्वस्तात घेऊन टुरिस्ट बसवू असं कोणाच्या डोक्यात असेल तर ते काढा. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा, त्यावर प्रवासी चालत नाहीत. जुनी बोट घेताना सोसायटीचं कर्ज आहे का तेही बघा, बोट तुमच्या दारात नि बोजा तिच्या डोक्यावर असं व्हायचं.

पन्हं | ७ मे, रात्री १०:१५

बनियनचा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

हापूसप्रेमी | ८ मे, सकाळी ७:०० 

अवांतर, दापोलीत पेटी काय भावाने आहे सध्या?

काजूबोंडू | ८ मे, सकाळी ७:४०

@हापूसप्रेमी व्यनि केलाय.

मंडळी, सर्व्हेअर ठरवला. १७ तारखेला येतोय. त्या आधी उधाणाच्या भरतीला बोट वर घेऊन ठेवू म्हणाला मालक, म्हणजे तळ बघता येईल. थोडा नाराज आहे, "विश्वास नाही का" वगैरे. २६ मेपासून प्रवासी बोटी बंद होतात, त्याला त्याआधी विकून मोकळं व्हायचंय असं दिसतं.

सुकाणू | ८ मे, सकाळी ८:१०

छान. ओलावा मोजायचं मीटर वापरणार असेल तर बोट जितके दिवस आधी वर येईल तितकं बरं, कालच पाण्यातून काढलेल्या बोटीवर ते मीटर सगळीकडेच ओलं दाखवतं. तळाला तांबं घातलेला रंग लावला असेल तरी फसवतं. तळावर फोड असतील तर एखादा फोडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट आला तर फायबरच्या आत पाणी शिरून रसायन झालंय. थोडे फोड म्हणजे जगबुडी नाही, भाव करायला बरे.

काजूबोंडू | १८ मे, रात्री ११:०५

अपडेट. मोठं आहे, सांभाळून घ्या.

काल सकाळी आठला सर्व्हेअर आला, साधा माणूस, पाठीवर सॅक, गुडघ्याला पॅड बांधलेले. मी, वडील आणि मालक. पहिला हात इंजिनाला, थंड होतं, मालकाने शब्द पाळला. मग दोन तास तो माणूस बोटीखाली आडवा पडून ठोकत होता. टण टण टण. वडील आधी लांब नारळाखाली बसले होते, मग हळूहळू जवळ आले, मग चक्क बाजूला उकिडवे बसले. मागच्या फळीकडे आला, डाव्या बोल्टच्या खाली, आणि सर्व्हेअर काही बोलायच्या आत वडील म्हणाले "हां, हा पिकला." आवाज खरंच वेगळा होता, मलासुद्धा कळला.

सर्व्हेअर हसला, खडूने गोल काढला. मग मीटर लावलं, तिथे काटा पार वर, दोन फुटांवर नॉर्मल. मालकाला विचारून आतल्या बाजूने, बोल्टच्या खाली, एक बारीक भोक पाडलं, ड्रिलला भुसा आला तो काळा, ओला, हाताला लागला तर कुजक्या पाल्यासारखा वास. मालक गप्प. मला वाटतं त्यालाही माहीत नव्हतं, उगाच दोष देत नाही.

बाकी तळ बरा निघाला, पाच-सहा फोड, वरवरचे. इंजिनाचं कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं जवळजवळ सारखं. गिअर तेल स्वच्छ. आठ माणसं बसवून पळवायची चाचणी राहिली, फळीचं काम झाल्याशिवाय तो नाही म्हणाला. वायरिंग म्हणजे नुसता गोतावळा, साधी घरातली वायर, काळी पडलेली, ती सगळी बदला म्हणाला. बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) चालतो पण त्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं पाणीपण फेकत नाही, बादलीने मोजून दाखवलं.

आणि छप्पर. कागद चार वर्षांपूर्वीचा, मुदत कधीच संपलेली (लॅमिनेशनमुळे तारीख नीट दिसत नव्हती, की मी बघितलीच नाही), आणि छप्पर दोन वर्षांपूर्वी बसवलेलं. म्हणजे सुकाणूंनी विचारलेला पहिलाच प्रश्न.

तारकर्ली_तारू | १८ मे, रात्री ११:३०

"हां, हा पिकला" 😂😂 तुज्या वडलांका माजो दंडवत.

रोखठोक | १९ मे, सकाळी ८:००

ठीक आहे, मान्य. तासभर पळवून हे कळलं नसतं.

सुकाणू | १९ मे, सकाळी ९:३०

उत्तम काम झालं. आता भाव करताना रिपोर्ट पुढे ठेवा, आवाज चढवायची गरज नाही. दोनच रस्ते, मालक स्वतः फळी नि वायरिंग करून देतो नि मग ठरलेली किंमत, किंवा आहे तशी घेऊन तेवढे पैसे कमी. मी पहिला घेतला असता, पण काम चालू असताना, फायबरने झाकायच्या आधी, तुमचा माणूस जाऊन बघणार ही अट घालून.

छपरासाठी, पत्रा काढून कापड टाका. आणि ओझ्याची चाचणी करून घ्या. शांत पाण्यात १२ माणसांचं वजन रेतीच्या गोण्यांनी भरायचं, मग गोण्या एका कडेला सरकवायच्या आणि मधोमध टांगलेला ओळंबा किती सरकतो ते मोजायचं, कड पाण्यापासून किती वर राहते ते बघायचं. घरगुती प्रयोग म्हणून करू नका, सर्व्हेअर समोर हवा, पण एकदा बघितलंत की आयुष्यभर १३वा माणूस बसवायची हिंमत होणार नाही.

विमाकाका | १९ मे, सकाळी १०:१०

गोण्या भरताना माणशी ७५ किलोपेक्षा कमी धरू नका. आणि सुटीला येणारे पाहुणे जेवून बोटीत बसतात हेही लक्षात ठेवा.

काजूबोंडू | १२ जून, संध्याकाळी ६:२०

पाऊस सुरू झाला, लाइट नव्हती चार दिवस म्हणून उशीर.

व्यवहार ठरला. पाच लाख चाळीस, मालक फळी बदलून देणार, वायरिंग माझं. सुतारपक्षी दादाच काम करतायत (इथेच ओळख झाली, धाग्याला पावलं). गेल्या आठवड्यात आतलं फायबर कापलं तेव्हा गेलो होतो बघायला, प्लायवूड हाताने मुठीमुठीने निघत होतं, आणि हीच फळी गेल्या सीझनला पाहुणे घेऊन रोज चार फेऱ्या मारत होती. उजव्या बाजूचं लाकूड मात्र ठणठणीत. बोट आता शेडमध्ये आहे, गोण्यांची चाचणी नि चालवून बघणं सप्टेंबरात, सर्व्हेअर परत येणार त्याला. मग बोर्डाचा नवीन सर्व्हे. तोपर्यंत टोकन एवढंच दिलंय.

हापूसप्रेमी | १२ जून, संध्याकाळी ७:००

अभिनंदन! पेट्या छान होत्या.

गिलनेटवाला | १२ जून, रात्री ८:३०

अभिनंदन. आऊटबोर्ड असलं तरी लाकडी खुंटी ठेवा दोन. आणि ती हातोडी कुठली होती सर्व्हेअरची, कंपनी सांगा, मलाही घ्यायची आहे.

काजूबोंडू | १२ जून, रात्री ८:५०

कंपनी बघायला पाहिजे, जाताना त्याने एक वडिलांना देऊन टाकली. ते हल्ली देत नाहीत कोणाला हातात. सकाळीच शेजाऱ्यांची होडी वाजवून आले.